साक्षीदाराची पारख

परीक्षण ही मुळात एक साक्ष असते. जे यंत्र आपण हाताळलेले नाही ते दुसऱ्या कोणीतरी हाताळलेले असते, आणि त्याच्या शब्दावर विसंबून आपण आपली पुंजी खर्च करतो. पुस्तकाच्या परीक्षकाचा शब्द खोटा ठरला तर एखादी संध्याकाळ वाया जाते. गवंड्याची शिफारस करणाऱ्याचा शब्द खोटा ठरला तर वर्षानुवर्षे छप्पर गळत राहते. कॅमेऱ्याचा परीक्षक या दोहोंच्या मध्ये कुठेतरी उभा असतो. हौशी माणसाचे त्याच्यामुळे थोडेफार नुकसान होईल, इतकेच. परंतु ज्याचे पोट कॅमेऱ्यावर चालते, ज्याला दुसऱ्यांच्या घरची लग्ने, बाप्तिस्मे आणि अंत्ययात्रा टिपायच्या असतात, त्याला परीक्षकाची पारख करता आलीच पाहिजे. छायाचित्र बिघडले म्हणून लग्न पुन्हा लावता येत नाही.

मी पेशाने शिक्षक होतो आणि छायाचित्रण हा माझा जुना छंद. छायाचित्रण फिल्मकडून डिजिटलकडे वळले ती सात-आठ वर्षे, म्हणजे साधारणपणे १९९९ ते २००६ चा काळ, मी परीक्षकांचे लेख वाचण्यात घालवली. त्यांतले काही माझ्या हौसेपोटी वाचले, आणि बरेचसे माझ्या पुतण्यासाठी. त्याने नुकतेच लग्नांची छायाचित्रे काढण्याचे काम सुरू केले होते. त्या वाचनातून कॅमेऱ्यांविषयी जे कळले ते आता शिळे झाले आहे. परंतु कोणाच्या साक्षीला किती किंमत द्यावी याविषयी जे कळले ते अद्याप उपयोगी पडते, म्हणून येथे मांडतो.

आधी जुन्या काळाविषयी दोन शब्द सांगायला हवेत. फिल्मच्या काळात कॅमेऱ्याचे आयुष्य मोठे असे. निकॉन कंपनीने एफ-थ्री हा कॅमेरा १९८० साली बाजारात आणला आणि २००१ सालापर्यंत तो तयार होत राहिला. म्हणजे त्याच्यावर १९८० साली लिहिलेला लेख वीस वर्षांनीही कामाला येत असे. शिवाय चित्राची प्रत मुख्यतः भिंगावर आणि फिल्मवर अवलंबून असे. कॅमेरा म्हणजे प्रकाश आत न येऊ देणारी एक नेटकी पेटी आणि अचूक वेळ पाळणारा एक पडदा. परीक्षकाला घाई नव्हती आणि वाचकालाही नव्हती. अमेरिकेतले ‘पॉप्युलर फोटोग्राफी’ हे मासिक १९३७ साली सुरू झाले. त्याच्या मागच्या पानांवर टपालाने माल पाठवणाऱ्या न्यू यॉर्कच्या दुकानांच्या जाहिराती दाटीवाटीने छापलेल्या असत, आणि पुढच्या पानांवर त्याच मालाची परीक्षणे. जाहिरात आणि साक्ष एकाच बांधणीत येत होती, हे विसरून चालणार नाही. तथापि, यंत्रेच फारशी बदलत नसल्यामुळे कोणी परीक्षक सतत फसवत राहिला असता तर वाचकांना ते उमगायला पुरेसा अवधी मिळत असे.

आमच्या वसईकडच्या छायाचित्रकारांना तर ही मासिके क्वचितच पाहायला मिळत. त्यांचा परीक्षक म्हणजे मुंबईत कोटातल्या बोराबाजारातला दुकानदार. तो विक्रेताच होता, त्याचा स्वार्थ उघड होता. पण त्याच्या दुकानाची पायरी आपण पुन्हा चढणार आहोत हे त्यालाही ठाऊक असे. ज्याला आपल्याला पुन्हा तोंड दाखवायचे आहे तो माणूस खोटे बोलताना दोनदा विचार करतो. ही जुन्या व्यवहाराची साधी शहाणीव होती. डिजिटल कॅमेरे आले तेव्हा हा दुकानदारही गोंधळला. त्याला जे विचारावे ते त्याने स्वतःच कुठेतरी वाचलेले असायचे.

डिजिटल कॅमेरा काही एका रात्रीत अवतरला नव्हता. कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने १९७५ साली पहिला नमुना तयार केला. त्याचे चित्र अवघ्या दहा हजार ठिपक्यांचे होते आणि एक चित्र कॅसेटवर नोंदवायला तेवीस सेकंद लागत. १९९१ साली त्याच कंपनीने निकॉन एफ-थ्रीच्याच सांगाड्यावर १.३ मेगापिक्सेलचा कॅमेरा विक्रीस काढला. त्याची किंमत मोठ्या वृत्तसंस्थांनाच परवडणारी होती. १९९९ साली निकॉनचा डी-वन आला, २००० साली कॅननचा डी-थर्टी, आणि २००३ साली कॅननने सहा मेगापिक्सेलचा एक कॅमेरा अमेरिकेत एक हजार डॉलरांच्या आत आणून ठेवला. त्या वर्षापासून हा प्रश्न जगभरच्या लहान छायाचित्रकारांच्या दारात येऊन उभा राहिला. कॅमेरे आता दर दीड-दोन वर्षांनी बदलू लागले. परीक्षकाला लेख लवकर लिहायचा असेल तर यंत्र दुकानात येण्यापूर्वीच ते त्याच्या हाती पडायला हवे, आणि ते देणारी केवळ कंपनीच असू शकते. साक्षीदार आणि पक्षकार यांच्यातले अंतर असे आपोआप कमी होत गेले. त्यात प्रत्येक वेळी कोणाचा दुष्ट हेतू होता असे मुळीच नाही. घाईनेच ते घडवून आणले.

त्या काळातले एक प्रकरण मला विशेष बोधप्रद वाटते. कॅनडातील टोरांटो येथील मायकेल राइखमन हे अनुभवी छायाचित्रकार होते. २००० साली त्यांनी कॅननच्या तीन मेगापिक्सेलच्या डी-थर्टीची तुलना फिल्मशी केली आणि ठराविक आकारापर्यंतच्या छापील चित्रांत डिजिटल फिल्मच्या तोडीचे, किंबहुना सरस ठरते, असा निष्कर्ष काढला. एकच खळबळ उडाली. ज्यांनी आयुष्यभर फिल्मवर काम केले होते त्यांना तो अपमान वाटला. ज्यांना नवे यंत्र घ्यायचेच होते त्यांना तो आशीर्वाद वाटला. दोन्ही पक्षांनी निष्कर्षावरच वाद घातला.

मी गणिताचा शिक्षक. उत्तरपत्रिका तपासताना आम्ही रीतीला गुण देतो. उत्तर बरोबर असून रीत नसेल तर विद्यार्थ्याने शेजाऱ्याचे पाहून लिहिले असण्याची शक्यता असते, आणि उत्तर चुकले तरी रीत मांडलेली असेल तर कोठे घसरला ते दाखवता येते. राइखमन यांनी रीत मांडली होती. तुलनेतली फिल्म आधी स्कॅन करून मग छापली होती, हे त्यांनी दडवले नव्हते. त्यामुळेच टीकाकारांना नेमका प्रश्न विचारता आला, की ही तुलना फिल्मशी झाली की स्कॅन केलेल्या फिल्मशी? जो घरच्या अंधाऱ्या खोलीत फिल्मवरून थेट कागदावर चित्र मोठे करीत असे त्याच्यासाठी उत्तर वेगळे असू शकत होते. माझ्या मते ज्याच्या लेखातूनच त्याच्या लेखाची मर्यादा शोधता येते तो परीक्षक विश्वासार्ह असतो. जो नुसता निकाल सांगतो त्याच्यावर विश्वास तरी ठेवावा लागतो किंवा अविश्वास तरी. त्याच्याशी तिसरा व्यवहारच करता येत नाही.

मेगापिक्सेलचेच उदाहरण घ्या. त्या वर्षांत प्रत्येक जाहिरातीत हा आकडा ठळक अक्षरांत असे, आणि अनेक परीक्षकही तोच मंत्र जपत. सहावीच्या मुलालाही करता येईल असे हे गणित आहे. डी-थर्टीचे चित्र २१६० ठिपके रुंद आणि १४४० ठिपके उंच होते. छापताना इंचाला ३०० ठिपके धरले तर ७.२ बाय ४.८ इंचांचा कागद भरतो. सहा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र ३०७२ बाय २०४८ ठिपक्यांचे; तोच हिशेब केला तर सुमारे १०.२ बाय ६.८ इंच. म्हणजे ठिपके दुप्पट झाले, पण कागदाची रुंदी दुप्पट न होता जेमतेम १.४ पट झाली. ज्या परीक्षकाने ‘दुप्पट ताकद’ असे लिहिले त्याने एकतर हा भागाकार केला नव्हता, किंवा केला असून वाचकाला सांगितला नव्हता. दोन्ही शक्यता त्याच्याविषयी काहीतरी सांगतातच. अशी एखादी गोष्ट प्रत्येक लेखात असते, जी आपण स्वतः कागद-पेन्सिल घेऊन पडताळू शकतो. तेथे जो प्रामाणिक आढळतो, त्याच्यावर न पडताळता येणाऱ्या गोष्टींतही थोडा अधिक भरवसा ठेवायला हरकत नाही.

२००४ साली माझा पुतण्या एक लेख छापून घेऊन माझ्याकडे आला. त्याच्याकडे फिल्मचे दोन कॅमेरे होते, आणि त्याच्या वडिलांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, निवृत्तीच्या रकमेतून काही पैसे त्याला मिळणार होते. त्या घरात पुन्हा तेवढी रक्कम एकत्र येण्याची शक्यता नव्हती.

“काका, हा माणूस म्हणतो की फिल्मचे दिवस संपले. मग दोन्ही कॅमेरे विकून टाकू का?”

“तो माणूस लग्ने काढतो का, ते आधी बघ,” मी म्हणालो.

आम्ही दोघांनी बसून तो लेख ओळीओळीने वाचला. लेखक जाणकार होता, त्याची भाषा संयत होती, आणि त्याने फुकट मिळालेले यंत्र परत केले आहे असेही त्याने नमूद केले होते. त्याच्या नमुन्याच्या चित्रांत रंगीत चौकटींचा तक्ता होता, टेबलावर मांडलेल्या बाटल्या होत्या, शरद ऋतूतली झाडे होती आणि ढगाळ आकाशाखालचे रस्ते होते. त्यांत एकही वधू नव्हती. आमच्याकडे लग्न म्हणजे भर दुपारच्या उन्हात चर्चच्या पायऱ्यांवर उभी असलेली पांढऱ्या झग्यातली वधू आणि तिच्या शेजारी काळ्या कोटातला वर. जगातल्या कोणत्याही कॅमेऱ्याला याहून कठीण प्रश्न घालता येणार नाही. एकाच चौकटीत लखलखीत पांढरे आणि गडद काळे, वर सूर्य. आणि मुलीच्या आईला झग्यावरची लेस दिसलीच पाहिजे.

येथे थोडे तांत्रिक सांगणे भाग आहे. रंगीत निगेटिव्ह फिल्म मोठी सोशिक असे. तिच्यावर गरजेपेक्षा दुप्पट, चौपट प्रकाश पडला तरी लॅबवाला छापताना तो सावरून घेई आणि लेसची नक्षी कागदावर उतरे. त्या काळच्या डिजिटल सेन्सरचे तसे नव्हते. प्रत्येक ठिपका म्हणजे जणू एक छोटी वाटी. ती काठोकाठ भरली की पुढचा प्रकाश वाया जातो आणि तेथे नक्षीऐवजी निव्वळ पांढरा डाग उरतो. तो डाग मागाहून कितीही प्रयत्न केला तरी पुरता भरून निघत नाही. कच्च्या स्वरूपातली फाइल साठवली तर थोडेफार वाचवता येई. पण त्या काळच्या महागड्या कार्डांवर अख्खे लग्न त्या स्वरूपात मावणे कठीण असे. जाणत्या परीक्षकांनी ही गोष्ट लिहिली होती, नाही असे नाही. पण ती लेखाच्या मधल्या एखाद्या वाक्यात असे, आणि शेवटच्या शिफारशीत तिचा मागमूस नसे. शेवटची शिफारसही बहुधा सर्वांना सारखीच उच्च श्रेणीची. सर्वच मुले पहिल्या वर्गात आली तर पालकांना आनंद होतो. शिक्षकाला मात्र प्रश्नपत्रिकेची शंका येऊ लागते.

मग पुतण्याने स्वतःची प्रश्नपत्रिका काढली. एका स्नेह्याकडून त्याने दोन दिवसांसाठी सहा मेगापिक्सेलचा कॅमेरा मागून आणला. त्याच्या आईचा लग्नाचा झगा पेटीत निळ्या कागदात गुंडाळून ठेवलेला होता. तो आणि त्याच्या वडिलांचा काळा कोट त्याने भर दुपारी अंगणातल्या दोरीवर शेजारी शेजारी टांगला आणि दोन्ही कॅमेऱ्यांनी, एकाच ठिकाणाहून, एकाच वेळी चित्रे घेतली. संध्याकाळी दिवे लावून घरातही तसेच केले. रोल धुवायला दिला, कार्डही त्याच लॅबमध्ये नेले आणि सगळी चित्रे आठ बाय बारा इंचांवर छापून घेतली. पाठीमागे पेन्सिलने खुणा केल्या आणि कोणते चित्र कशाचे ते न सांगता ती आईपुढे ठेवली.

वहिनींनी चष्मा लावला. दुपारच्या दोन चित्रांपैकी एकावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “यात माझी लेस दिसते. त्यात नुसता पांढरा कपडा आहे.” संध्याकाळच्या चित्रांत मात्र त्यांनी बोट ठेवले ते डिजिटलवर. फिल्मच्या चित्रात कोटाच्या काळ्या रंगात दाणे उठले होते. डिजिटलमध्ये तो स्वच्छ होता. वहिनींना मेगापिक्सेल म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. पण ज्या गोष्टीसाठी लोक लग्नाची छायाचित्रे काढून घेतात ती गोष्ट त्यांना नेमकी ठाऊक होती, आणि कोणते चित्र कोणाचे हे माहीत नसल्यामुळे त्यांना कोणाची बाजू घ्यायची नव्हती. वैद्यकशास्त्रात औषधांच्या चाचण्या अशाच आंधळ्या पद्धतीने करतात. कॅमेऱ्यांच्या परीक्षणात ही साधी रीत इतकी विरळ का, याचे मला आजही नवल वाटते.

त्या चाचणीने एक निर्णय सोपा केला. पुतण्याने एकच फिल्म कॅमेरा विकला. पुढची दोन वर्षे तो चर्चबाहेरची चित्रे फिल्मवर आणि रात्रीच्या स्वागत समारंभाची डिजिटलवर घेत राहिला. वडिलांच्या पैशांपैकी काही रक्कम शिल्लक राहिली, ती पुढे कामास आली.

काळ्या कोटावरून दुसरे एक प्रकरण आठवते. २००६ साली लायका या नामांकित जर्मन कंपनीचा एम-एट हा डिजिटल कॅमेरा आला. किंमत जवळपास पाच हजार डॉलर. सुरुवातीची परीक्षणे कौतुकाने ओथंबलेली होती. मग गिऱ्हाइकांच्या ध्यानात आले की कृत्रिम धाग्याचे काळे कपडे या कॅमेऱ्यात जांभळट दिसतात. कारण असे, की भिंगाच्या कडेने तिरके येणारे किरण नीट टिपता यावेत म्हणून कंपनीने सेन्सरवरची अवरक्त किरण अडवणारी काच पातळ ठेवली होती, आणि असे कापड डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण परावर्तित करते. पुढे कंपनीने प्रत्येक ग्राहकाला भिंगावर लावायचे दोन फिल्टर मोफत दिले. परंतु प्रश्न असा होता, की परीक्षकांना हे दिसले कसे नाही? एका नावाजलेल्या परीक्षकाने नंतर स्वतःच सांगितले की दोष दिसला होता, पण कंपनीने थांबण्याची विनंती केल्यामुळे पहिल्या लेखातून तो वगळला.

ही कबुली देणाऱ्या माणसाविषयी माझ्या मनात आदर आहे. तरीही तिच्यातून मिळणारा धडा कडू आहे. त्याने खोटे असे काहीच लिहिले नव्हते. साक्षीदार खोटे न बोलताही अन्याय करू शकतो. त्याने फक्त एका ठिकाणी गप्प बसायचे असते. म्हणून परीक्षण वाचताना मी पुतण्याला एक सवय लावली. यंत्राची स्तुती किती केली आहे ते सोडून दे. काय वाईट म्हटले आहे ते शोध, आणि ते खरोखर बोचणारे आहे का ते पाहा. ‘पट्टा थोडा आखूड आहे’ अशा तक्रारी म्हणजे तक्रारींचे सोंग असते.

गप्प बसणे ही एक गोष्ट झाली. दुसरी त्याहून अवघड आहे, कारण तिच्यात कोणाचाच अप्रामाणिकपणा नसतो. अमेरिकेतील हेन्री विल्हेम हे छापील रंगीत चित्रे किती वर्षे टिकतात याचे जगन्मान्य अभ्यासक. १९९३ साली त्यांचा या विषयावरचा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध झाला. २००० साली एप्सन कंपनीने घरगुती छपाईची काही नवी यंत्रे आणली. प्रकाशात ठेवून घेतलेल्या चाचण्यांवरून त्यांवर छापलेली चित्रे अनेक वर्षे टिकतील असे अनुमान होते. प्रत्यक्षात एका विशिष्ट चकचकीत कागदावरची चित्रे काही घरांत थोड्याच काळात नारिंगी पडली. शोध घेता हवेतला ओझोन वायू निळसर शाई खाऊन टाकतो असे निघाले. चाचणी खरी होती, परीक्षक सचोटीचा होता. फक्त प्रश्न प्रकाशाचा विचारला होता आणि उत्तर हवेने दिले. त्यानंतर वायूच्या परिणामाचीही तपासणी होऊ लागली. आमच्या किनाऱ्यावरही असाच एक प्रश्न आहे, जो कोरड्या हवेतल्या परीक्षकाला कधी पडतच नाही: चार महिन्यांच्या पावसाळ्यात भिंगाच्या आत बुरशी चढेल का? परीक्षकाचे उत्तर वाचताना तो कोठे राहतो हेही वाचायला हवे.

आणखी एक बाब म्हणजे साक्षीदारांची संख्या. परीक्षक बहुधा एकाच भिंगाची तपासणी करून त्या नावाच्या सगळ्या भिंगांविषयी मत देतो. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात रॉजर सिकाला नावाच्या डॉक्टरांनी भिंगे भाड्याने देण्याचा व्यवसाय सुरू केला. त्यांच्या कपाटात एकाच प्रकारची पुष्कळ भिंगे असत. त्यांनी ती यंत्रावर तपासली आणि एकाच कारखान्यातून, एकाच नावाने निघालेली भिंगे आपसांत किती वेगळी असू शकतात हे आकृत्यांनिशी दाखवून दिले. एकाच आईची लेकरे, पण स्वभाव निराळे. एका परीक्षकाने ‘अप्रतिम’ म्हटलेले भिंग दुसऱ्याला ‘सुमार’ वाटले तर दोघांपैकी एक लबाड आहे असे धरून चालण्याचे कारण नाही. कदाचित दोघांच्या हाती निरनिराळी भिंगे आली असतील. दोन साक्षीदार एकमेकांशी जुळत नाहीत तेव्हा कोणावर तरी संशय घेण्यापूर्वी दोघांनी एकच घटना पाहिली का, हे विचारावे.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. परीक्षकाची चूल कोण पेटवतो? अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ ही संस्था १९३६ सालापासून वस्तू दुकानातून विकत घेऊन तपासत आली आहे आणि जाहिराती घेत नाही. ही रीत स्वच्छ आहे. परंतु कपडे धुण्याच्या यंत्रापासून मोटारीपर्यंत सर्व काही तपासणाऱ्या संस्थेकडून झग्यावरच्या लेसची चिकित्सा होईलच असे नाही. उलट, डिजिटल कॅमेऱ्यांच्या परीक्षणाची सखोल रीत ज्याने घालून दिली ते ‘डीपीरिव्ह्यू’ हे संकेतस्थळ लंडनमध्ये फिल ॲस्की यांनी १९९८ साली सुरू केले. प्रत्येक कॅमेऱ्याने एकाच मांडणीचे चित्र घ्यायचे आणि ते पूर्ण आकारात वाचकांपुढे ठेवायचे, ही त्यांची पद्धत. वाचकाला स्वतः पाहून ठरवता येई. २००७ साली ॲमेझॉन या महाकाय दुकानाने ते विकत घेतले. परीक्षक आता दुकानदाराच्या घरी राहायला गेला. तरीही त्याची कामाची रीत उघड्यावर राहिली, आणि २०२३ च्या मार्च महिन्यात ते बंद करण्याचे जाहीर झाले तेव्हा जगभरच्या वाचकांना हळहळ वाटली. पुढे दुसऱ्या एका प्रकाशन संस्थेने ते घेतल्यामुळे ते वाचले. हे पाहून मी अशा मताला आलो आहे की परीक्षक कोणाचे मीठ खातो हे जाणून घ्यावे, पण तेवढ्यावर निकाल देऊ नये. स्वतंत्र माणूस अजाण असू शकतो आणि बांधलेला माणूस सचोटीचा असू शकतो. मात्र बंधन लपवणाऱ्याची साक्ष तेथेच रद्द समजावी.

आता ही पारख कायद्याच्या आणि नियमांच्या भाषेतही येऊ लागली आहे. अमेरिकेत २००९ साली फुकट वस्तू घेऊन लिहिणाऱ्यांनी तसे सांगितले पाहिजे अशी मार्गदर्शक तत्त्वे आली. आपल्याकडे मुंबईतील ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल या जाहिरात क्षेत्राच्या संस्थेने २०२१ साली समाजमाध्यमांवरील प्रभावी व्यक्तींसाठी तसेच नियम केले. नियम चांगले आहेत. पण ते बंधन उघड करायला लावतात, रीत उघड करायला लावत नाहीत. ते काम वाचकालाच करावे लागेल.

दरम्यान काळ पुष्कळ पुढे गेला. कोडॅकने २०१२ साली अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि ‘पॉप्युलर फोटोग्राफी’चा छापील अंक २०१७ साली थांबला. सेन्सरही सुधारले, पूर्वी वाया जाणारी लेस आता बहुतेक वाचते. पुतण्याने २००६ नंतर फिल्म सोडली, आणि योग्य वेळी सोडली. आज त्याच्या हाताखाली तीन मुले काम करतात. नवा कॅमेरा घ्यायचा प्रश्न आला की ती मुले आधी भ्रमणध्वनीवर कोणा तरुण परीक्षकाचे चलच्चित्र पाहतात. तो हसतमुख असतो, त्याच्या मागे रंगीत दिवे असतात आणि तो पहिल्या मिनिटातच निकाल सांगतो.

पुतण्या त्या मुलांना चार गोष्टी विचारतो, त्या येथे लिहून ठेवतो. कॅमेऱ्याखेरीज इतर पुष्कळ बाबतींतही त्या आपल्या घरातल्या मुलांना विचारता येतील. याने हे कसे तपासले ते सांगितले आहे का? जे सांगितले त्यातले काही आपल्याला पडताळता येईल का? याला हे सांगण्याचे काय मिळते, आणि ते त्याने उघड केले आहे का? आणि शेवटी, आपल्याला जे हवे आहे तेच याने पाहिले आहे का?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे लेखात किंवा चित्रफितीत सापडतात. चौथ्याचे उत्तर देण्यासाठी आपल्याला काय हवे आहे हे आधी आपल्यालाच ठाऊक असावे लागते, आणि तेथे बहुतेक जण अडखळतात. नवे यंत्र आपल्या मनात नव्या इच्छा पेरते, आणि परीक्षक नकळत त्यांना पाणी घालतो. अशा वेळी घरातल्या अशा एखाद्या माणसाला विचारावे, ज्याला यंत्राचे काहीच कळत नाही, पण ते कशासाठी घ्यायचे आहे ते कळते. पुतण्याच्या स्टुडिओत आजही नवा कॅमेरा आला की पहिल्या दिवशी भर दुपारी दोरीवर एक पांढरा कपडा आणि एक काळा कपडा टांगला जातो, आणि छापील चित्रे पाठीमागे पेन्सिलची खूण करूनच आत, त्याच्या आईकडे, पाठवली जातात.